माळ्यावरची रॅले : एका जुन्या रेसर सायकलचं प्रकरण

खानापूरला आमच्या आजोळी, माळ्यावरच्या तुळईला, इंग्लंडच्या रॅले कंपनीची एक हिरवी रेसर सायकल बत्तीस वर्षं उलटी टांगलेली होती. गेल्या वर्षी जानेवारीत घराची कौलं बदलायची निघाली, माळा रिकामा करावा लागला आणि ती खाली आली. मामा तेव्हा ओसरीवर बसले होते. ते मर्चंट नेव्हीत होते. १९७६ साली बोट लिव्हरपूलला लागलेली असताना त्यांनी ही गाडी जुन्यातली म्हणून घेतली आणि बोटीतूनच घरी आणली. पुढं रजेवर आले की जांबोटीपर्यंत फेरी ठरलेली. गुडघा गेल्यावर गाडी वर गेली.

मी नेऊ का म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "चालवणार असशील तर ने. भिंतीला लावून फोटो काढणार असशील तर परत वर टांग."

हे वाक्य मी इथं नोंदवते, कारण पुढच्या नऊ महिन्यांत जिथं जिथं अडले तिथं निर्णय याच वाक्यावर झाला. जुनी गाडी घरी नीट करायला बसलेल्या माणसापुढं दोन वाटा असतात. एक, ती जशी कारखान्यातून निघाली तशी करायची. दुसरी, ती रस्त्यावर भरवशाची करायची. दोन्ही एकदम होतील असं सुरुवातीला वाटतं. माझ्या बाबतीत पहिल्या पावसापर्यंत तसंच वाटत होतं.

गाडी बेळगावला टिळकवाडीत आणली आणि अंगणात पालथी घालून आधी नुसती बघितली. पुढच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला शाबूत. पायडलच्या एक्सलखालच्या नळीवर नंबर ठोकलेला, त्यात पहिलं अक्षर 'एन', म्हणजे नॉटिंगहॅमचा कारखाना. दुसरं अक्षर महिन्याचं, आणि पुढचा ५ हा आकडा १९७५ चा. हा नंबर वाचता येणं उपयोगाचं असतं. गाडी कोणत्या सालची हे कळलं की तिचे आटे, कॉटर आणि चाकं कोणत्या मापाची असतील याचा अंदाज बांधता येतो. पुढं ५२ आणि ४० दातांची दोन चक्रं, मागं १४ ते २८ दातांचं पाच चकत्यांचं फ्रीव्हील, वाइनमानचे मधून ओढले जाणारे ब्रेक, पोलादी क्रोम रिमा आणि कॉटर घातलेले क्रँक, म्हणजे पायडलच्या दांड्या. रबर म्हणून जे जे होतं ते सगळं दगड झालेलं. मागचा गिअर फ्रेंच बनावटीचा, प्लास्टिकचा, आणि त्याला मधोमध तडा. फ्रेम मात्र सरळ. सुतळी घेऊन ती पुढच्या नळीपासून मागच्या दोन्ही टोकांपर्यंत ताणली आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंची अंतरं मोजली. फरक मिलिमीटरचाही नाही. हे तपासल्याशिवाय जुन्या गाडीवर एक रुपयाही घालू नये असं माझं मत आहे. वाकलेली फ्रेम चकचकीत करून काय करायचं?

खडेबाजारच्या बाजूला एक वयस्क मिस्त्री आहेत. मी त्यांना चाचा म्हणते. गाडी घेऊन गेले तर त्यांनी हात पुसून बिल्ल्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, ही माझ्याकडं ठेवू नका. मी दोन दिवसांत उघडीन, आणि दोन दिवसांत उघडायची गाडी नव्हं ही. घरी न्या. अडलं की या." मी शाळेत शिकवते, रोज संध्याकाळी तासभर मिळतो. तेवढ्यावर काम सुरू केलं.

पहिली अडचण हँडलची. हँडल धरून ठेवणारा स्टेम ॲल्युमिनियमचा, आणि तो ज्या नळीत उतरतो ती चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची, नळी पोलादाची. आत खाली एक पाचर असते. वरचा बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते आणि स्टेम नळीत घट्ट बसतो. सोडवायची रीत सोपी आहे. बोल्ट चार-पाच फेरे सैल करायचा, त्याच्या डोक्यावर लाकूड ठेवून एक ठोका द्यायचा, पाचर खाली पडते. पाचर पडली, आवाज आला, पण स्टेम हलेना. दोन वेगळे धातू, त्यांच्यामध्ये वर्षानुवर्षं खानापूरची दमट हवा. ॲल्युमिनियमवर पांढरा क्षार धरतो, तो धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि सिमेंटसारखा आवळून बसतो.

मी पुढचं चाक पायांत धरून हँडल पिळलं. असं करू नये. चिमट्याची टोकं त्यानं वाकतात. माझी वाकली नाहीत, पण त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या टर्नरकडं गेले. बेळगावात हे एक सुख आहे. फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग सगळं हाकेच्या अंतरावर, आणि लोखंडाशी बोलणारी माणसं दोन्ही भाषांत भेटतात. तिथल्या पोरानं लगेच गॅसची ज्योत पेटवायला घेतली. मालकानं त्याला थांबवलं आणि मला समजावलं. पोलादात पोलाद अडकलं असेल तर तापवून फायदा होतो. इथं आत ॲल्युमिनियम आहे. तापमान एक अंश वाढलं की पोलाद दहा लाखांत साधारण १२ भाग फुगतं आणि ॲल्युमिनियम साधारण २३ भाग. म्हणजे तापवलं की आतला स्टेम बाहेरच्या नळीपेक्षा जास्त फुगणार आणि आणखी आवळणार, वर पन्नास वर्षांचा रंगही जळणार. उलट गार केलं तर आतला जास्त आकसेल. "सावकाश माड्री, टीचर," म्हणाला, म्हणजे सावकाश करा. 'सावकाश' हा शब्द आमच्याकडं मराठीतही तोच आणि कन्नडमध्येही तोच. त्या दिवशी तो फार जवळचा वाटला.

मग उपाय ठरला तो असा. पुढचं चाक काढलं, गाडी पालथी केली. चिमट्याच्या माथ्यावर खालून भोक असतं, त्यातून तेल ओतलं की ते थेट स्टेमच्या बुडाशी जातं. वरून ओतलेलं तेल कडेला थांबतं, खालून ओतलेलं मुरतं. तेल म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ आणि ॲसिटोन, निम्मं-निम्मं. ॲसिटोन पातळ असल्यामुळं फटीत शिरतं आणि उडून जातं, तेल मागं राहतं. हे मिश्रण पेट घेतं आणि रंगही खातं. माझ्या हातून एक थेंब पुढच्या नळीवर पडला, तिथं हिरव्या रंगावर नखाएवढा पांढुरका डाग आहे. तो तसाच ठेवलाय. ज्यांना हे करायचंय त्यांनी आधी सगळ्या रंगाला जुनं कापड गुंडाळावं, आणि काम उघड्यावर, देवघर-चूल सगळ्यापासून लांब करावं.

रोज संध्याकाळी थोडं तेल आणि लाकडी ठोकळ्यावरून स्टेमला दहा-बारा हलके ठोके. दहा दिवस काहीच नाही. अकराव्या दिवशी शाळेजवळच्या दुकानातून प्लास्टिकच्या नळीतल्या बर्फाच्या कांड्या आणल्या, त्या मुलं मधल्या सुट्टीत चोखतात त्या. बोटाएवढ्या जाडीची कांडी चिमट्याच्या नळीतून स्टेमच्या पोकळीत बरोबर जाते आणि पाणीही सांडत नाही. एकामागून एक पाच कांड्या घातल्या, वरून स्टेमला बर्फाचं फडकं बांधलं. हिशोब करून बघितला होता. स्टेमची जाडी २२.२ मिलिमीटर. पारा तीसेक अंश खाली गेला तरी दोन धातूंतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा कमी. तेवढ्यानं काय होणार असं कुणालाही वाटेल. चिमटा माथ्याजवळ लाकडी गुटक्यांत धरून यजमानांनी आवळला, मी हँडल पिळलं, आणि वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मोडलं काहीच नव्हतं. स्टेम फिरला. बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर पांढऱ्या भुकटीचा थर होता. परत बसवताना ग्रीस भरपूर घातलं. पन्नास वर्षांपूर्वी ते कुणी घातलं असतं तर हे अकरा दिवस वाचले असते.

कॉटर मात्र चाचांकडं नेऊन काढले. कॉटर म्हणजे एका बाजूनं तासलेली खिळीसारखी पिन, ती क्रँक आणि एक्सल यांना एकत्र धरते. नुसत्या हातोडीनं ठोकलं तर तो सगळा दणका आतल्या छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो, वाट्यांत खड्डे पडतात. चाचांनी क्रँकखाली जमिनीपासून एक जाड पाइप उभा लावला, कॉटर बरोबर पाइपच्या पोकळीत येईल असा. नट पिनच्या टोकाला समपातळीत ठेवला म्हणजे आटे चेपत नाहीत. मग जड हातोड्याचा एकच घाव. "दहा बारीक मारण्यापेक्षा एक नीट," म्हणाले. उजवा एका घावात, डावा दोन घावांत. नवे कॉटर साडेनऊ मिलिमीटरचे, आपल्या साध्या काळ्या गाडीला लागतात तेच, त्यांच्या डब्यात होते. बसवताना त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली : पन्नासेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळायचा, कारण नवा कॉटर जरा दबतो. मी हो म्हटलं.

बीबी, म्हणजे पायडलचा एक्सल ज्यात फिरतो तो भाग, उघडताना उजवी वाटी उलट आट्याची असते हे लक्षात ठेवावं लागतं, डाव्या पायडलसारखीच. आत प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे. इथं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नॉटिंगहॅमच्या त्या काळातल्या बऱ्याच रॅले गाड्यांच्या बीबीला इंचाला २६ आटे असतात, आणि इतर ब्रिटिश मापाच्या वाट्यांना २४. दिसायला सारख्या, फिरवून बघितलं तर दोन फेरे आत जातात आणि अडकतात. जोर लावला तर फ्रेमचेच आटे जातात, आणि फ्रेमचे आटे गेले की संपलं. म्हणून जुन्या वाट्या फेकायच्या नाहीत. माझ्या वाट्या रॉकेलमध्ये धुऊन, बारीक पॉलिशनं घासून चांगल्या निघाल्या. छर्रे सगळे नवे घातले. छर्रा स्वस्त असतो, वाटी मिळत नाही.

रंगाबद्दल घरात वाद झाला. मुलाचं म्हणणं, पावडर कोटिंग करून टाकू, नव्यासारखी दिसेल. मी नाही म्हटलं. मधल्या नळीवर एक लांब ओरखडा आहे, तो गाडी मामांनी बोटीच्या कठड्याला बांधलेली असताना पडलेला. रॉकेलच्या फडक्यानं मळ काढला, मऊ कापडानं मोटारीचं मेण लावलं, आणि हिरवा रंग आतून वर आल्यासारखा झाला. सुटे गंजलेले भाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्यात रात्रभर ठेवले. हे विषारी असतं, हातमोजे घालावेत, मुलांपासून लांब ठेवावं, आणि नंतर सोड्याच्या पाण्यात धुवावं. क्रोमवरचा गंज स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळं चरे पडत नाहीत.

या सगळ्या काळात एक गोष्ट सारखी मनात यायची. ज्या गावात मी हे करत होते त्या गावात सायकलीचा धंदा १८८८ साली सुरू झालाय. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवायचे, तिथून सायकली पाठवायचे आणि त्यांचे भाऊ रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे, चालवायला शिकवायचेही. लोखंडी नांगर नंतर आला, किर्लोस्करवाडी १९१० मध्ये. त्यांचं सायकलीचं दुकान होतं तो रस्ता आज किर्लोस्कर रोड. आणि रॅले कंपनीचं नाव आलं नॉटिंगहॅममधल्या रॅले स्ट्रीटवरून, जिथं तिचं पहिलं छोटं वर्कशॉप होतं. तिकडं रस्त्यानं सायकलीला नाव दिलं, इकडं सायकलीच्या दुकानानं रस्त्याला. किर्लोस्कर रोडवरून ही रॅले हातानं ढकलत नेताना मला खरंच अभिमान वाटला.

आता टायर. चाकं सत्तावीस सव्वा, म्हणजे २७ × १ १/४. एका दुकानात 'अठ्ठावीस' आहे म्हणाले आणि काळ्या गाडीचा अठ्ठावीस दीड काढला. दुसऱ्या दुकानातही 'अठ्ठावीस'च म्हणाले, पण दिला ७०० × २८ सी, आणि त्यातला २८ हा रुंदीचा मिलिमीटरचा आकडा. दोन अठ्ठावीस, एकमेकांशी काही संबंध नाही. यातून सुटायचं तर रिमवर टायरची कडा जिथं बसते त्या वर्तुळाचा व्यास बघावा, टायरच्या कडेवर तो बारीक अक्षरांत असतो. अठ्ठावीस दीडला ६३५ मिलिमीटर, सत्तावीस सव्वाला ६३०, आणि ७०० सी ला ६२२. नावात मोठा असलेला ७०० प्रत्यक्षात सगळ्यांत लहान. शेवटी सत्तावीस सव्वा टायर कोल्हापुरातून आणले आणि मे महिन्यात गाडी रस्त्यावर आली. पहाटे येळ्ळूरच्या रस्त्यानं राजहंसगड समोर ठेवून चालवत गेले. पातळ चाकांचा तो सुईसुई आवाज आणि हातात फ्रेमचा जिवंतपणा. मला वाटलं, काम झालं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं उतारावर पुढं एक रिक्षा थांबली, मी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले आणि गाडी थांबलीच नाही. कमी झाली, पण थांबली नाही. मी रस्त्याच्या कडेला चिखलात घातली म्हणून रिक्षावर गेले नाही. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

घरी येऊन ब्रेक तपासले. नवे गुटके, नवी केबल, ताण बरोबर. दोष कशातच नव्हता. क्रोम केलेली पोलादी रिम गुळगुळीत असते, ओली झाली की गुटका तिच्यावर नुसता घसरतो. कोरड्यात झकास, पावसात जवळजवळ नाही. त्या काळी यासाठी चामडं लावलेले गुटकेही निघत. ॲल्युमिनियमच्या रिमवर गुटका पाणी पुसून काढतो आणि पकड घेतो. बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत रस्ता कोरडा किती दिवस मिळतो? तो क्रोम मी महिनाभर बोटांनी घासून चमकवला होता. त्या रिमांत आभाळ दिसायचं.

मामांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "मी पावसात चालवायचोच नाही. पण तू चालवणार ना?"

रिमा बदलल्या. नव्या ३६ भोकांच्या ॲल्युमिनियमच्या, पण ६२२ च्या, कारण त्या आणि त्यांचे टायर सहज मिळतात. व्यास आठ मिलिमीटरनं कमी, म्हणजे ब्रेकचा गुटका प्रत्येक बाजूला चार मिलिमीटर खाली न्यावा लागणार. वाइनमानच्या ब्रेकांच्या खाचा लांब आहेत, गुटका खाली जाऊनही खाचेत दोन मिलिमीटर उरले. ही मोजणी रिमा विकत घेण्याच्या आधी करावी. आखूड हातांच्या ब्रेकवर हा बदल बसत नाही. हब जुनेच ठेवले, कोन (ज्यांवर छर्रे फिरतात ते निमुळते नट) आणि छर्रे नवे : पुढं ३/१६ इंची दहा-दहा, मागं पाव इंची नऊ-नऊ. आरे नवे, कारण रिम बदलली की लांबी बदलते. आरे मी भरले, आउट काढायला, म्हणजे चाक सरळ फिरेल असं करायला, चाचांकडं बसले. त्यांनी चाकाजवळ खडू धरला, चाक फिरवलं, जिथं खडू लागला तिथला आरा अर्धा फेरा. त्यांनी एकदाही चाकाकडं टक लावून बघितलं नाही. तारा छेडत होते, आवाज ऐकत होते. सगळ्या तारा एका सुरात आल्यावर थांबले.

मागचा गिअरही बदलला. तडा गेलेला कधी तुटेल आणि आऱ्यांत जाईल याचा नेम नाही. साधा नवा गिअर लावला, पण फ्रीव्हील पाच चकत्यांचंच ठेवलं. मागं फ्रेमच्या दोन टोकांत १२० मिलिमीटरच जागा आहे, सात चकत्यांचं फ्रीव्हील घालायचं तर फ्रेम ताणावी लागली असती. ते मी करणार नव्हते. गिअरच्या दांड्या जुन्याच, त्या खटके मारत नाहीत, हातानं ओढून जागा शोधावी लागते, त्यामुळं त्यांना कोणताही गिअर चालतो. सात चकत्यांची आजची चेन या पाचावर बिनतक्रार चालते. जुन्या क्रोम रिमा, प्लास्टिकचा गिअर आणि बाकी काढलेलं सगळं तेल लावून, कागदात गुंडाळून एका खोक्यात ठेवलंय. खोक्यावर गाडीचा नंबर लिहिलाय. उद्या कुणाला ही गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची असेल तर एका दिवसाचं काम आहे. फ्रेमवर ड्रिलचं एकही नवं भोक नाही, कुठं जोड कापलेला नाही, नवा रंग नाही. हे पाळलं म्हणून मला रिमा बदलल्याचं वाईट वाटत नाही.

ऑक्टोबरच्या एका रविवारी खानापूरला निघाले. उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे, देसूर. साधारण २६ किलोमीटर. भाताला पिवळेपणा आला होता, मध्येच एक जोराची सर आली आणि मी मुद्दाम ब्रेक दाबून बघितले. धरले.

मामा ओसरीवरच होते. उठले, काही न बोलता गाडी भिंतीला टेकवायच्या आधी सीटला धरून मागचं चाक उचललं आणि पायडल फिरवलं. कान खाली नेला. रिमांकडं बघितलं, त्यावर काही बोलले नाहीत. पुन्हा पायडल फिरवलं.

"डावा कॉटर," म्हणाले. "आवळला नाहीस."

चाचांनी दोनदा सांगितलेलं होतं. मामा आत गेले आणि पान्हा घेऊन आले, मुठीला सुतळी गुंडाळलेला, जुना. ओसरीच्या पायरीवर बसले, गुडघा सरळ ठेवून, आणि नट पाव फेरा आवळला.